पोचल्याचा फोन

१

लाल फडक्याची गाठ सुटली, तांब्याचं तोंड उघडलं, आणि प्रमोदिनीकाकूंचा हात तिथल्या तिथे थबकला.

"अनुराधा," त्या म्हणाल्या, "हे ते नाहीत."

अनुराधा शेजारी प्लॅस्टिकचा डबा आणि चिकटपट्टी घेऊन उभी होती. विमानातून अस्थी न्यायच्या तर सीलबंद डबा लागतो, म्हणून काकूंनी तिला शेजारच्या घरातून हाक मारून आणलं होतं. तिला वाटलं, काकूंना भरून आलं असेल. सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या अस्थी होत्या त्या. पण काकूंनी चिमूटभर राख उचलून तिच्या तळहातावर ठेवली.

"नीट बघ. इथल्या विद्युतदाहिनीतून मिळालं ते पांढुरकं होतं, जाड्या रव्यासारखं. इथे यंत्रात दळूनच देतात. मोठा डबा तिथल्याच गुलाबाच्या वाफ्यात विसर्जित केला आणि त्यातलं थोडं मी नाशिकसाठी या तांब्यात ठेवलं, माझ्या या हातांनी. आणि हे? हे मऊसूत, करडं. सासरी चूल फुंकून माझे डोळे गेलेत. लाकडाची राख मला कळत नाही होय?"

राखेत कोळशाचा एक बारीक तुकडाही होता. अनुराधाने वास घेतला. जळक्या लाकडाचाच वास.

भारतापासून हजारो मैलांवर, माउंट रॉस्किलच्या त्या घराच्या पत्र्यावर ऑगस्टचा हिवाळी पाऊस वाजत होता.

"परवा माझं विमान," काकू म्हणाल्या. "रामकुंडावर भटजी ठरलेत. काय सोडू मी गोदावरीत? कुणाच्या चुलीतली राख? आणि हे कुठे आहेत मग?" त्यांनी अनुराधाचं मनगट घट्ट धरलं. "मला रोज वाटतच होतं ग. रोज दिवेलागणीला देवघरात चितेचा धूर येतो. ते सुटलेले नाहीत. इथेच घुटमळतायत."

२

अनुराधा माउंट वेलिंग्टनला एका विमा कंपनीत क्लेम तपासायची. "चोरीला गेलेली" गाडी मेव्हण्याच्या गराजमध्ये शोधून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी त्या देवघरात शिरताना तिच्या अंगावर काटा आला, हे खरं. वास होता. दमट हवेत तो दबून बसला होता, आणि तांब्याजवळ जावं तसा वाढत होता.

"काकू, राजारामकाकांना विजेच्या भट्टीत दिलं. चिता नव्हती, धूरही नव्हता. मग धूर आला कुठून?"

"तेच तर म्हणते मी!"

"तसं नाही हो. वास या राखेचा आहे. कधीपासून येतो?"

काकूंनी आठवून पाहिलं. मंडळी युरोपहून परतली तेव्हापासून. त्याआधी घर बंदच होतं. मुलगा सुशील, त्याची बायको अस्मिता आणि शेजारचे मोरेश्वरकाका सहलीला गेले होते, आणि काकू हॅमिल्टनला बहिणीकडे, नीताकडे.

ही सहल म्हणजे राजारामकाकांचं जन्माचं वेड. पुण्यात असताना कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की व्हेनिसला फार जुन्या काळी प्लेग जावा म्हणून नवस बोलले होते, आणि अजून दर जुलैला तिथे नुसत्या होड्यांवर पूल बांधतात, लोक पाण्यावरून चालत देवळाला जातात, आणि मग तो पूल मोडून टाकतात. "मोडायच्या आधी मला तो बघायचाय," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की घरात कुणीही ते त्यांच्या सुरात म्हणून दाखवायचं. यंदा एकदाची तिकिटं काढली आणि फेब्रुवारीत गृहस्थ झोपेतच गेले. काकू म्हणाल्या, मी एकटी जाऊन काय बघू? त्यांच्या जागी मोरेश्वरकाका गेले.

"आणि तुम्हाला फोन यायचे?"

"यायचे तर! ह्यांची शिस्तच होती ती. गावाला गेलं की आधी पोचल्याचा फोन, मग पाणी पिणं. स्वतःही करायचे. 'हं. पोचलो.' एवढंच बोलायचे आणि ठेवायचे. सुशीलने ते पाळलं. प्रत्येक गावाहून त्याचा फोन आला. प्रागहून तेवढा अस्मिताने केला." काकूंनी पदराने डोळे टिपले. "ह्यांचाच फोन आला नाही बघ. गेले आणि पोचल्याचं कळलंच नाही. म्हणून नाशिक, अनुराधा. तिथे सोडलं की पोचले, एवढं तरी मनाला समजावता आलं असतं."

विम्याच्या क्लेममध्ये माणसं खोटं रडतात, हे अनुराधा रोज बघायची. खरं रडू समोर आलं की ती सरळ कामाला लागे.

अस्मिता स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला.

"ताई, आधीच सांगते, मला त्या तांब्याची भीती वाटायची. गराजमध्ये ठेवू या म्हटलं होतं मी, आणि आईंनी दोन दिवस अबोला धरला. पण हात? अजिबात नाही लावला. शप्पथ."

"सुशीलने?"

"तो? राख ती राख, नाशिकला नेऊन काय होणार, म्हणाला, त्यावरून केवढं वाजलं! आईंनी ठणकावलं, या तांब्याला तू हात लावायचा नाहीस. त्याने जानवं तर कॉलेजातच काढून टाकलंय. तेराव्यापर्यंतचं सगळं मोरेश्वरकाकांनी केलं."

"सहलीत काही विचित्र घडलं?"

अस्मिताने सुरी खाली ठेवली. "हसू नका हं. मला सारखं वाटायचं, आपल्याबरोबर कुणीतरी आहे. मला बस लागते, म्हणून मी पुढे काकांपाशी बसायचे. मागे सुशील एकटा. पण तो कडेच्या जागेवर. खिडकीच्या जागेवर कॅमेऱ्याची बॅग, आणि तिला पट्टा लावलेला! मी म्हटलं, अरे, खिडकीत तू बस. तर म्हणाला, असू दे. ऑस्ट्रियात सेंट जॉनची होळी बघितली, डोंगराडोंगरावर जाळ पेटवतात. तिथे धुरात ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. पुढे प्रागला तर चकार शब्द फुटत नव्हता, पाटीवर लिहावं तसा हवेत लिहून दाखवायचा. सिएनाला शर्यतीचा घोडा देवळात नेऊन पाद्रीबुवांकडून आशीर्वाद देववतात, ते बघून सगळे खिदळत होते, हा मात्र बॅग छातीशी धरून उभा. बाबांना हे आवडलं असतं, एवढंच म्हणाला."

"परतताना?"

"विमानतळावर गंमत झाली. तो बिया-फळं हुंगणारा कुत्रा असतो ना, बीगल? तो आमच्या ट्रॉलीपाशी येऊन बसला. बॅगेच्या कप्प्यात तीळ सांडलेले. ऑफिसर गोड होता, इथल्या पद्धतीने किया ओरा म्हणत नमस्कार केला आणि सगळे झाडून घेतले. सुशील म्हणाला, काकांचे तिळाचे लाडू होते. पण ताई, तीळ काळे होते. काळ्या तिळाचे लाडू कुणी करतं का?"

अनुराधाच्या मनात काहीतरी खट्‌कन वाजलं. काळे तीळ लाडवात जात नाहीत. ते जातात तर्पणात. आणि या तिघांत तर्पण येणारा माणूस एकच होता.

३

मोरेश्वरकाका दोन घरं सोडून राहायचे. दार उघडलं तेव्हा अंगात बंडी होती आणि तिच्या गळ्यातून जानवं डोकावत होतं. अनुराधाने आल्या आल्या विचारलं, "काका, अस्थी काशीलाच न्यायला हव्यात, असा तुमचा हट्ट होता ना?"

"होता. आहे. नाशिकही चांगलं, पण काशी ती काशी. का ग?"

तिने सांगितलं.

"तुला वाटतं मी नेल्या?"

"तुम्हीच दिवाळीला भारतात जाणार आहात. बॅगेत काळे तीळ तुमचेच होते म्हणे. लाडवाचे."

"लाडू? मला मधुमेह आहे! साखरेचा दाणा जिभेवर ठेवत नाही मी. तीळ माझे नव्हेत." त्यांनी जानव्याला हात लावला. "याची शपथ. आणि राजारामच्या अस्थी चोरून नेईन होय मी? उजळ माथ्याने मागेन, नाही दिल्या तर भांडेन."

हे तिला पटलं. भांडायला मोरेश्वरकाका कुणाच्या बापाला भीत नसत. पण त्यांचा हात जानव्यावरून निघेना, आणि नजर दाराकडे जात होती.

"काका, काहीतरी लपवताय."

"लपवत नाही. सांगायची छाती होत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "प्रागला ऐकलं मी त्याला."

"कुणाला?"

"राजारामला! तो जुना दगडी पूल बघून आलो, दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे आहेत तो. संध्याकाळ होती. मी खोलीत पाय चोळत बसलो होतो. पलीकडची खोली सुशीलची. आणि भिंतीपलीकडून राजारामचा आवाज आला. चाळीस वर्षांचा दोस्त माझा, त्याचा आवाज मी ओळखणार नाही? दोनच शब्द. आधी ते त्याचं 'हं', आणि मग, 'पोचलो.'"

बाहेर वाऱ्याने फाटक आपटलं, आणि दोघंही दचकले.

४

घरी येऊन अनुराधाने स्वतःलाच दटावलं. बाई, तू क्लेम तपासतेस. भूत हा क्लेम आहे, तो तपास. बापलेकांचे आवाज फोनवर सारखे येतात. सुशीलने फोन केला तर काकूही क्षणभर फसायच्या, हे त्यांनीच एकदा हसून सांगितलं होतं. मग भिंतीपलीकडून ऐकणारा म्हातारा का फसणार नाही? मुलगा आईला पोचल्याचा फोन करत होता. सुटलं भूत.

पण राख सुटत नव्हती. तीळ सुशीलच्या बॅगेत. ज्याने वडिलांचं तेरावं केलं नाही, त्याला तीळ कशाला? मोरेश्वरकाकांनी त्याच्या बॅगेत लपवले म्हणावं, तर खोटं बोलला सुशील, काका नव्हेत. मुलाने संतापाने राख कुठेतरी फेकून दिली असेल का? तसं असेल तर काकूंना काय सांगायचं? नवरा गेलाच, आता मुलगाही जाईल.

संध्याकाळी ती पुन्हा गेली आणि अस्मिताला म्हणाली, फोटो लाव बघू सहलीचे. अस्मिताने कॅमेरा टीव्हीला जोडला. घोडे, होळ्या, घड्याळाचे मनोरे, रोषणाईच्या होड्या. सुशील सगळीकडे होता. जीन्स, पायात इथले जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि अंगावर तिरपी कॅमेऱ्याची बॅग. पट्टा डाव्या खांद्यावर, बॅग उजव्या कुशीला.

"थांब," अनुराधा म्हणाली. "हा कुठला?"

"प्रागचा पूल. मी मागून काढला, त्याला पत्ताच नव्हता."

पाठमोरा सुशील कठड्यावरून पाण्याकडे वाकला होता. पाय अनवाणी. जँडल्स बाजूला नीट जोडून ठेवलेले.

"आता व्हेनिस दाखव. तो होड्यांचा पूल."

तिथेही अनवाणी. अनुराधा टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. दोन्ही पुलांवर बॅगेचा पट्टा उजव्या खांद्यावर होता. बॅग डाव्या कुशीला.

"अस्मिता, ती बॅग आण. आणि सगळ्यांना बोलव. काकूंनाही."

बॅगेच्या तळाशी फिल्मची एक जुनी काळी डबी होती. कॅमेरा तर डिजिटल. अनुराधाने डबी कानापाशी हलवली. आत रव्यासारखं काहीतरी सरसरलं.

५

सुशील कामावरून आला तेव्हा सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते, आणि मधल्या टेबलावर तांब्या आणि डबी. डबी बघून तो दारातच उभा राहिला.

"बस," अनुराधा म्हणाली. "मी सांगते, चुकलं तर थांबव. काकू, पितरांचं करताना जानवं कसं घेतात?"

"उजव्या खांद्यावर. अपसव्य," काकू म्हणाल्या. "एरवी डाव्या."

"या फोटोंत बॅगेचा पट्टा एरवी डाव्या खांद्यावर आहे. फक्त पुलांवर, खाली पाणी असताना, पायातलं काढून, तो उजव्या खांद्यावर गेलाय. कप्प्यात काळे तीळ होते. कुणीतरी तर्पण करत होतं. मला वाटलं, मोरेश्वरकाकांनी त्याच्या हातून करवून घेतलं. पण काकांना तर पत्ताही नाही. आणि त्यांच्या गळ्यात जानवं आहे, त्यांनी शिकवलं असतं तर आधी जानवं घातलं असतं. पट्टा फिरवावा लागतो तो ज्याने जानवं काढून टाकलंय त्याला. खिडकीची जागा बॅगेला, कारण काकू, आत राजारामकाका होते. त्यांना खिडकी लागायची ना?"

काकूंनी तोंडावर पदर घेतला.

"तांब्यात काय आहे ते तूच सांग, सुशील."

"बार्बेक्यूच्या लाकडांची राख," सुशील म्हणाला. त्याचं डोकं खाली होतं. "आई हॅमिल्टनला गेली त्या रात्री भरली. वजन सारखं लागावं म्हणून. आई, बाबा मागच्या वर्षी म्हणाले होते, जाऊ या. मी म्हटलं, ऑफिसमध्ये प्रोजेक्ट आहे, पुढच्या वर्षी नक्की. त्याच्या आदल्या वर्षीही तेच म्हटलं होतं. मग ते गेले, आणि तिकीट तर काढलेलं होतं. त्यांना सोडून तो पूल बघायला मी कुठल्या तोंडाने जाणार होतो?"

"मला सांगायचंस," काकू म्हणाल्या.

"तू हात लावू नकोस म्हणाली होतीस. आणि मी इतकं बोलून बसलो होतो, राख ती राख. कसं सांगणार?"

"मग तीळ कशाला रे? तुझा तर विश्वास नाही," मोरेश्वरकाका म्हणाले.

"माझा नाही, काका. त्यांचा होता ना." त्याने डबीकडे बोट केलं. "अशा तीन डब्या भरल्या होत्या. थोडे प्रागला सोडले. थोडे व्हेनिसला, पूल मोडायच्या आधी. ही आईची. नाशिकची. आज ना उद्या मी ती तांब्यात परत ओतणार होतो, पण तू आजच गाठ सोडलीस."

मग काकू उठल्या. आता थोबाडीत बसणार, असं अस्मिताला वाटलं असावं, ती अर्धी पुढे सरकली. काकूंनी डबी उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"गाढवा," त्या रडत म्हणाल्या, "बॅगेच्या पट्ट्याने कुणी अपसव्य करतं का? परवाच्या विमानात जागा आहे का बघ. तूही चल. आणि खिडकी त्यांना."

सुशीलने मान हलवली. अनुराधाला हायसं वाटलं, इतकं की ती थोडी फुशारलीच.

"आणि काका, तुमचंही भूत उतरवते. प्रागला भिंतीपलीकडून 'पोचलो' म्हणाला तो हाच. आईला फोन करत होता. बापलेकांचा आवाज एकच."

मोरेश्वरकाकांनी सुटकेचा श्वास सोडला. सुशील मात्र गोंधळून बघत राहिला.

"प्रागहून? ताई, प्रागला माझ्या घशातून आवाज निघतच नव्हता."

अनुराधाचं हसू ओठांवरच राहिलं. हे तिला अस्मिताने सकाळीच सांगितलं होतं, भाजी चिरता चिरता. आणि काकूंनीही, की प्रागहून फोन अस्मिताने केला. दोन्ही तिने ऐकलं होतं, आणि भूत उतरवायच्या घाईत बाजूला सारलं होतं.

"मी फोन केला तो हॉटेलच्या खालच्या हॉलमधून," अस्मिता हळूच म्हणाली. "सुशील माझ्याजवळच उभा होता. खोलीत कुणीच नव्हतं."

"भावजी," काकूंनी विचारलं, "नेमकं कधी ऐकलंत?"

"पुलावरून परत आलो, त्याच संध्याकाळी."

"पहिली डबी मी त्याच पुलावर रिकामी केली होती," सुशील म्हणाला.

पत्र्यावरचा पाऊस थांबला होता. अनुराधाने देवघराकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. तिला भीती वाटली, हे ती पुढे कधीच कुणाला सांगणार नव्हती. काकूंना मात्र कसलीच भीती दिसत नव्हती. त्यांनी पदराची गाठ मुठीत धरली, डोळे पुसले, आणि फोन खाली ठेवून बाई घरातल्यांना सांगते तशा म्हणाल्या,

"पोचले हो ते."